वाऱ्याला वाट

"पाऊस परवडला, पण न वाळणारं दव नको," असं थोरली जाऊ एकदा म्हणाली होती. धाकटीने ते एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं.

थोरलीचं उभं आयुष्य द्राक्षवेलींखाली वाकून गेलं. बोटांना घट्टे पडलेले, त्यांना ओल कळत नसे. म्हणून सकाळी ती पान खुडून गालाला लावायची. बाईला माणसांपेक्षा पानांचा लळा, असं घरातले चिडवायचे. ती ते हसण्यावारी न्यायची. पुढे बागेची वाटणी झाली आणि जावांमधलं बोलणंही आटलं.

त्या वर्षी धाकटीचा नवरा अंथरुणाला खिळला. बाग तिच्या गळ्यात पडली. पीक बुडालं असतं तर बाग मोडावी लागली असती. वेली फुलोऱ्यात होत्या. कोवळ्या घडांना ऊन लागू नये म्हणून तिने पानं राखली, सगळं दाट होऊ दिलं. नेमकं आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊनही नाही. दुपार कलली तरी पानं ओलीच. त्यांच्यावर तेल सांडल्यासारखे पिवळे डाग उमटले, खालून पांढरी बुरशी धरली. औषध फवारलं, पण त्या दाटीत ते आत पोचेचना.

थोरली न बोलावता आली. घडांभोवतीची पानं सपासप खुडू लागली. अर्धी बाग मोकळी झाली तेव्हा धाकटी धावत आली.

"जाऊबाई, स्वतःची बाग पुरली नाही म्हणून माझीही भादरताय?"

"अगं, वाऱ्याला वाट दे. पानं वाळली की रोग थांबतो."

"थांबवेन माझं मी. जा तुम्ही."

थोरली गेली. आभाळ तसंच राहिलं. खुडलेल्या ओळींत मात्र वारा खेळू लागला, औषध घडांपर्यंत गेलं, मणी हिरवेगार धरले. उरलेल्या अर्ध्या बागेतले घड तपकिरी पडून सुकले.

अर्धं पीक म्हणजे बाग वाचली होती. धाकटी थोरलीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. वाटेत मनात जुळवलेलं सगळं बोलणं विसरून गेली.

"जे आहे ते तुमच्या हातचं आहे, ताई. गेलं ते माझ्या तोंडाने गेलं. सुकलेले घड अजून वेलींवरच आहेत."

थोरलीने हात पुसले, खिळ्यावरची कात्री काढली, आणि धाकटीच्या बागेकडे चालू लागली.