हातातलं दावं
साखऱ्याच्या मुंजाजींनी जन्मभर मेंढ्यांची अदलाबदल केली. पण समोरच्या माणसाच्या मेंढीचं दावं एका हातात आल्याबिगर दुसऱ्या हातातलं कधी सोडलं नाही.

यंदा शेजारच्या सोमेश्वरशी जमिनीच्या पट्ट्यांची अदलाबदल ठरली. सेनगावच्या ऑनलाइन केंद्रात दोघांनी डिजिटल सह्या करायच्या होत्या.

"काका, तुमी वडीलधारे. आधी तुमी," सोमेश्वर म्हणाला. मानाला भुलून म्हाताऱ्यानं मशीनवर अंगठा टेकवला.

"माझी करीन सवडीनं," म्हणत सोमेश्वरनं गाडीला किक मारली.

"माय, माझी सही काढून टाक," मुंजाजी केंद्रातल्या राजनंदिनीला म्हणाले.

"निघत न्हाई, आजोबा. आता तुमी बांधलेले, ते मोकळे."

मुंजाजींनी दावं धरायला करावा तसा हात पुढं केला. तो रिकामा हात कितीतरी वेळ तसाच पुढं राहिला.