सासूबाईंची लोटी आणि माझी पोवळी

मंडळी, आज घरात मी जिंकले, म्हणून लगेच लिहितेय.

दुपारी आमच्या अख्ख्या अमरोली भागाची लाईट गेली आणि माझ्या फिशटँकचा पंप बंद पडला. त्यात समुद्रातली जिवंत पोवळी आहेत. पाणी हलतं राहिलं नाही तर ती गुदमरतात. मी मगाने पाणी उचलून वरून ओतत बसले.

"दगडं पाळलीस," असं सासूबाई मला वर्षभर ऐकवतात. आज माझे हात भरून आलेले बघून त्याच उठल्या आणि देवघरातली तांब्याची लोटी घेऊन आल्या. मी त्यांचा हातच धरला. पाण्यात तांबं उतरलं तर पोवळी मरतात.

"आम्ही यातलं पाणी पितो, आणि तुझ्या दगडांना चालत नाही?" त्या चिडल्या. पण प्लास्टिकचा मग घेऊन शेजारी बसल्या. लाईट येईपर्यंत आम्ही आळीपाळीने पाणी ओतलं.

संध्याकाळी मिटलेली पोवळी पुन्हा उमलली. तेवढ्यात शेजारच्या गुजराती जिग्नाबेन डोकावल्या, हे दगड कुठून आणले ते विचारायला. "मासी, आ पथ्थर क्यांथी लाव्या?"

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "पथ्थर नथी, जीव छे. एने तो तांबु पण नथी चालतुं."

तुमच्या घरात असं कोणी एका दुपारीत पक्ष बदललाय का?