वाऱ्याच्या खांबाला आडोसा

काशीराम पिलणकरांना माणसांची किळस येई, आणि ती लपवण्याची तसदी ते घेत नसत. पोफळीच्या वीजकेंद्रात त्यांनी चौतीस वर्षं दर तासाला मीटरचे आकडे टिपले होते. त्यांच्या पाळीतला एक गडी डुलकी काढायचा आणि उठल्यावर तीन तासांचे आकडे एकदम ठोकून द्यायचा. तेव्हापासून ‘अंदाजपंचे’ हा शब्द कानावर आला तरी त्यांना मळमळायचं. निवृत्त होऊन रत्नागिरीजवळच्या आपल्या वाडीत आले, तर इथे सगळाच अंदाजपंचे कारभार. गटार तसं, रस्ता तसा. रोज सकाळी ते वाडीवरच्या उघड्या पठारावर, सड्यावर, फिरायला जात, कातळावर पडलेल्या बाटल्या बघत आणि वाडीच्या नावाने तिथेच थुंकत.

त्याच सड्यावर तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने वाऱ्याचा खांब उभा केला. वादळात जमिनीलगतचा वारा कसा वागतो, याचं गणित त्यांना संगणकावर मांडायचं होतं. खांबावर माणसाच्या डोक्यापेक्षा हातभर उंच अशा वाट्या वाऱ्याने फिरत, खालची पेटी त्यांचे आकडे पाठवी आणि ते आकडे घेऊन गणित दर तीन तासांनी स्वतःला सुधारून घेई. देखभाल काशीरामांकडे होती. वाडीपुरता अंदाज त्यांच्या मोबाइलवर येई. हा माणूस उगाच बोलत नाही हे ठाऊक असल्याने लोक तो मानत.

गेल्या पावसाळ्यात पेटीत पाणी शिरलं. काशीरामांनी संस्थेला चारदा फोन केला. ‘माणूस पाठवतो’ म्हणत म्हणत माणूस आला तो गणपती गेल्यावर. या ढिलाईची त्यांना शिसारी आली. यंदा त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. मे सरत आला की वाडीतलं प्रत्येक घर पश्चिमेच्या अंगाला नारळाच्या झापांचा आडोसा बांधून घेतं, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. काशीरामांनी तसाच आडोसा खांबाला बांधला, चांगला दीड पुरुष उंच. झाप विणून दिले त्यांच्या थोरल्या बहिणीने, सावित्रीने. ती खाली पुळणीवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एकटीच राहायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळाची बातमी आली. सरपंच नितेशने भोंगा लावून किनाऱ्यावरच्या सगळ्यांना शाळेत बोलावलं. सावित्रीने दोन लुगडी आणि औषधं बांधून घेतली होती, इतक्यात काशीराम पुळणीवर उतरले.

“आक्का, त्या शाळेतला संडास बघितलास? ढोरं जाणार नाहीत तिथे. शंभर माणसं कोंबणार त्यात. मला तर नुसत्या विचाराने ओकारी येते.” मग त्यांनी मोबाइल दाखवला. “आणि वारा ताशी पंचेचाळीस. एवढा तर आपल्याकडे श्रावणातही असतो. घरात राहा.”

सावित्री राहिली. दुपारी छप्पर उडालं आणि वासा तिच्या मांडीवर पडला. नितेश आणि आणखी तिघांनी तिला खुर्चीत बसवून, कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून आत सळई बसवली. आता काठीशिवाय चालणं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दहा दिवसांनी संस्थेकडून तेजस्वी नावाची मुलगी आली. काशीराम तयारच होते. “गणित कसलं, शेण आहे तुमचं,” तिथून त्यांनी जी सुरुवात केली ती अर्धा तास. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सड्यावरच लॅपटॉप उघडला.

“काका, आदल्या दिवशी गणित पंच्याण्णव सांगत होतं. नंतर या खांबाचे आकडे येत गेले, ते फारच कमी होते. गणिताने खांबावर विश्वास ठेवला. आकडे कमी का आले तेच कळत नाही. आजूबाजूला तर सगळा मोकळा कातळ आहे.” तिने सुस्कारा टाकला. “आमचंच गणित चुकलं, असं लिहीन मी.”

कातळ खरंच मोकळा होता. वादळाने आडोशाची काडीसुद्धा मागे ठेवली नव्हती. काशीराम गप्प राहिले असते तर संस्थेत कोणाला काही कळलं नसतं. पण त्यांना आता उमगलं होतं. वारा मोजायच्या वाट्या आपणच वाऱ्यापासून झाकल्या! पोफळीचा तो गडी निदान झोपेत चुकला होता. आपण जागेपणी, सुंभाच्या गाठी मारमारून चुकलो. स्वतःची इतकी घाण त्यांना जन्मात वाटली नव्हती. त्यांनी तेजस्वीला सगळं सांगितलं, उंची आणि तारखेसकट.

“तुम्ही पेटीसाठीच केलंत ना, काका,” ती म्हणाली.

“ते कारण लिहू नका. बाकी सगळं लिहा,” काशीराम म्हणाले.

सावित्री आता त्यांच्याच पडवीत खाटेवर असायची. घरी येऊन त्यांनी तिलाही सांगितलं. आडोसा, वाट्या, पंच्याण्णवाचे पंचेचाळीस, सगळं. आकडा माझ्यामुळे चुकला, मला काय बोलायचं ते बोल, म्हणाले.

सावित्रीने दुखरा पाय हाताने उचलून सरळ केला.

“आकडा तू मागनं दाखवलास, काशा,” ती म्हणाली. “आधी संडासाची घाण सांगलीस. मी तेव्हाच बसले घरात.”