डोळ्याखालचा भोवरा

आमच्या घरात टीव्हीच्या वर एक फळी आहे, तिच्यावर घोडे आहेत. गड्ड्याच्या जत्रेतला प्लास्टिकचा, भंगारवाल्याकडचा पितळी, एका सुताराने करून दिलेला लाकडी. आमच्या शेडवर टाकून दिलेलं जनावर आलं, की मी त्याच्यासारखा खेळण्यातला घोडा शोधते, जनावराचा असेल तोच रंग त्याला मारते आणि फळीवर ठेवते. आई म्हणते, "लोकाच्या पोरी नवरा शोधतात, ही घोडी शोधती." म्हणू दे. वरातीत नाचवून गुडघे गेलेली घोडी लोक हायवेला सोडतात आणि घरी जाऊन गाईला पोळी चारतात. त्या घोडीची आठवण कुणी ठेवायची?

शेड होटगी रस्त्याला, मामाच्या रानात आहे. लेखी काही नाही. मामा उद्या उचला म्हणाला, तर जनावरं घेऊन निघावं लागेल. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

ती घोडी आली तेव्हा धडधाकट होती. आमच्याकडे धडधाकट कुणी येत नाही. तपकिरी अंग, काळी आयाळ, दात तरुण. बँडवाल्याने स्वतः आणून सोडली. हिला काय झालंय, असं विचारलं, तर त्याने तिच्याकडे न बघताच तिच्या डाव्या डोळ्याखाली बोट दाखवलं. तिथं केसांचा नाण्याएवढा भोवरा होता.

"आसूढाळ हाय. आसू पडतंय तितं भोवरा. मालकाला रडवती. माझा भाऊ गेला की."

"कशानं गेला?"

"दारूनं."

"मग घोडीनं पाजली का?"

तो हसला नाही. दावं माझ्या हातात दिलं, पाय धुवायला पाणी मागितलं आणि मागे न बघता गेला.

मी लगेच पत्रक काढलं. 'भोवरा म्हणजे केस. केस माणूस मारत नाहीत.' मामाने ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"लई झ्याक लिवलंस. आता घोडी कुटं ठिवतीस ते सांग."

"इथंच."

"आगं, सुनेचे दिवस भरत आलेत."

मामाच्या सुनेचं, म्हणजे माझ्या वहिनीचं, पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. मामाला घोडीचा राग नव्हता, भीती होती. भ्यालेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे पत्रकं लिहायला शिकवणारे शिकवत नाहीत. मला जे येत होतं ते केलं. घोडीसारखी एक प्लास्टिकची घोडी रंगवली, रंग ओला असताना सुईने डोळ्याखाली भोवरा काढला आणि ती वहिनीला दिली. म्हटलं, ठेव उशाशी, बघू काय होतंय.

"गोड हाय की ओ, वन्सं," वहिनी म्हणाली आणि तिने ती खिडकीत ठेवली.

मग बोअरची मोटर जळाली. मग गोठ्यात साप निघाला. होटगीत साप काय पहिल्यांदाच निघाला? पण मामा आता माझ्याशी भांडतच नव्हता, आणि मला तेच नको होतं. तो शेडवर यायचा, घोडीसमोर उभा राहायचा आणि तिच्या डोळ्याकडे बघत तंबाखू मळायचा. घोडी मान वळवून घ्यायची.

एक दिवस शेडच्या खांबाला सळई अडकवलेली दिसली. टोक वळवून गोल केलेलं. नाण्याएवढं.

"हे काय, मामा?"

"ऱ्हाऊ दे. लागंल."

भोवऱ्यावर तापल्या लोखंडाचा डाग दिला, की तिथं केस परत येत नाहीत. भोवरा गेला, दोष गेला, असं मानतात. डोळ्याच्या इतक्या जवळ! मी सळई विहिरीत टाकली. दुसऱ्या दिवशी खांबाला दुसरी होती. घोडीला दुसरी जागा मिळावी म्हणून ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. जनावरांवर प्रेम करणारी, शिकलेली माणसं. एकेकाने आधी तेच विचारलं, भोवरा नक्की कुठं आहे?

आणि एका दुपारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, शेडवर या. मामंजींनी शेगडी पेटवलीया."

मी पोचले तेव्हा नालबंदाने घोडीची मान धरली होती आणि तिच्या डोळ्यांवर पोतं टाकलं होतं. सळईचं टोक लाल झालं होतं. वहिनी तेवढं पोट घेऊन घोडीच्या पुढ्यात उभी होती आणि तिच्या हातात ती प्लास्टिकची घोडी होती.

"जित्या जिवाला कशाला, मामंजी? हीच ती. रंग त्योच, भोवरा त्योच. हिला द्या डाग."

नालबंद हसला. मामा हसला नाही. त्याने ते खेळणं हातात घेतलं, उजेडात धरलं आणि मला विचारलं, "पोरी, खरं सांग. ही हुबेहूब हाय का?"

खेळणं आहे ते, मामा. केस आहेत ते. सगळं पत्रक माझ्या तोंडात तयार होतं. पोत्याखाली घोडीचे कान हलत होते.

"हुबेहूब हाय," मी म्हणाले.

सळई टेकली, प्लास्टिक चरचरलं. खेळण्याचं अर्धं तोंड वितळून खाली आलं. मामाने घोडीवरचं पोतं स्वतः काढलं.

वहिनी सुखरूप बाळंत झाली. पोरगी ठणठणीत आहे, रडून घर डोक्यावर घेते. मामाने पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर ही गोष्टही वाटली.

त्यानंतर एक माणूस अक्कलकोटकडून टेम्पो घेऊन आला. टेम्पोत पांढरी शिंगी होती, वयात न आलेली घोडी, आणि तिच्या डोळ्याखाली भोवरा. माणसाच्या हातातल्या पिशवीत खेळण्यातला नवा कोरा घोडा.

"डाग देणाऱ्या ताई तुमीच का?"

मी पत्रक दिलं. त्याने ते नमस्कार करून घेतलं.

"तुमी न्हाय म्हणलात तरी चालंल. घरी सळई हाय."

शिंगी टेम्पोच्या फळ्यांमधून बघत होती. मी रंग आणि सुई मागवली. त्याच्या घोड्यावर भोवरा काढला आणि डाग दिला, या हाताने. शेगडी मामाने आधीच पेटवून ठेवली होती.

जाताना त्या माणसाने मामाला विचारलं, "आन गुण न्हाय आला तर?"

मामाने सळई पुसून खांबाला अडकवली. "तर काय? जितं घोडं हाय की."