बरोबरीत सुटलेला सामना

माझा भाचा अमेरिकेत असतो. रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. पाऊसपाणी, आईची गुडघेदुखी, त्याच्या लग्नाचं काय, हे सगळं दहा मिनिटांत उरकतं आणि मग आम्ही खेळांवर येतो. यंदा फुटबॉलचा विश्वचषक तिकडे, त्यामुळे गेले काही महिने तेच चाललंय.

"मामा, इथं फुटबॉल म्हणजे वेगळंच प्रकरण आहे," तो परवा म्हणाला. "चेंडू काखेत मारून पळतात आणि एकमेकांवर आदळतात. आपल्या फुटबॉलला हे सॉकर म्हणतात. ऑफिसातल्या लोकांना मी हौसेनं मॅच बघायला बसवलं, तर शेवटी विचारतात, शून्य-शून्य? मग जिंकलं कोण? कुणीच नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. बरोबरी पचतच नाही यांना. तुम्हाला काय वाटतं, बसेल का हा खेळ इथल्या लोकांच्या मनात?"

मला काय वाटतं असं कुणी विचारलं की मी लगेच सावरून बसतो. वीस-बावीस वर्षं मराठी शिकवतोय आणि त्याच्याही आधीपासून यात्रेतल्या कुस्त्यांचा माईक माझ्याकडे आहे. मत द्यायला मला कधी वेळ लागलेला नाही. "बसेल की," मी म्हणालो. "खेळात काही खोट नसते रे. लोकांना बघायला शिकवणारा माणूस लागतो. गोल करणं जशी करामत, तशी तो अडवणं हीसुद्धा करामत आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे."

"वा मामा, हे मी ऑफिसात ऐकवतो," भाचा म्हणाला.

फोन ठेवला आणि माझी मलाच शरम वाटली. ते वाक्य माझं नव्हतंच. आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाईंचं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ते मला सांगितलं होतं, अगदी काकुळतीला येऊन, आणि मी ते कानाआड केलं होतं.

वेल्ह्याकडच्या आमच्या गावांत खेळ म्हणजे दोनच. यात्रेतली कुस्ती, आणि भात निघालं की मोकळ्या खाचरात टेनिसच्या चेंडूवरचं क्रिकेट. कबड्डी शाळेपुरती. त्यात या बाई नव्याने आल्या आणि मुलींना फुटबॉल शिकवायला लागल्या. गोलाला वेळूचे खांब, आणि जाळं म्हणून धरणावरच्या मासेवाल्याचं फाटकं जाळं. "काय बाई, आज किती मासे लागले?" असं मी त्यांना रोज विचारायचो. स्टाफरूम हसायची. बाईही हसायच्या, नवीन होत्या, करतात काय.

त्यांची गोलकीपर नववीतली होती. उंच, अबोल, माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारी. निबंधात चार ओळींच्या वर जायची नाही, म्हणून मी तिला ढ समजत होतो. बाईंना मात्र तिच्यात काहीतरी दिसलं होतं. पुण्याला मुलींच्या क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. तिथे लागली तर राहणं, खाणं, शिक्षण, खेळ, सगळंच मार्गी लागणार होतं. अडचण एकच, तिचे वडील. ते नाही म्हणत नव्हते, हो पण म्हणत नव्हते. "येकदा खेळताना बगतो, मंग ठरवू," एवढंच म्हणाले होते.

वडिलांबद्दल सांगायला हवं. ते दुधाचा टेम्पो चालवतात. पहाटे गावोगावचं दूध गोळा करून शिवऱ्याला हायवेवर पोचवतात. पण त्याआधी ते पैलवान होते, आणि चांगले होते. एका यात्रेत त्यांची शेवटची, मानाची कुस्ती लागली. समोरचा तोडीस तोड. तासभर दोघांनी एकमेकांना घुसळलं, पण पाठ कुणाचीच लागली नाही. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नुरा! नुरा!"

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. दोघांनी आतून संगनमत करायचं, कुणी कुणाला पाडायचं नाही आणि बक्षीस वाटून घ्यायचं. पैलवानाला याहून घाण शिवी नाही. तिला पुरावा लागत नाही आणि ती धुतलीही जात नाही. त्या दिवशी लोकांनी आखाड्यात मातीची ढेकळं फेकली. त्या माणसाने तालीम सोडली ती कायमची. तरी पाठीमागे लोक त्यांना 'नुरा पैलवान' म्हणत राहिले. मी कॉलेजात होतो तेव्हा, आणि त्या गर्दीत होतो. मी ओरडलो होतो की नाही ते मला आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं मला सोयीचंही आहे.

तर त्या वर्षी बाईंनी यात्रा कमिटीच्या मागे लागून तासभर वेळ मिळवला. दुपारी कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, आखाड्याशेजारच्या खाचरात, आमच्या मुली आणि भोरकडून आलेला एका शाळेचा संघ. आदल्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या.

"सर, माईक तुमच्याकडे आहे. लोक तुमचं ऐकतात. त्यांना हा खेळ माहीत नाही, गोल झाला नाही की काही झालंच नाही असं वाटेल त्यांना. गोल करणं जशी करामत, तशी तो अडवणं हीसुद्धा करामत आहे, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही फक्त तिनं चेंडू अडवला की टाळी मागा. तिचे वडील येणार आहेत. एवढंच करा, सर."

"काळजी करू नका," मी म्हणालो. आणि खरंच, त्या क्षणी करायचं माझ्या मनात होतं.

सामना सुरू झाला तेव्हा खाचराच्या चारी बांधांवर माणूस मावत नव्हता. सगळे कुस्त्यांना आलेले. वडील पुढेच बसले होते, पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. पहिली पाच मिनिटं मी सरळ बोललो. "मंडळी, ही पोरगी बघा, चेंडू कसा झेपावून धरला! होऊन जाऊ द्या टाळी!" टाळी झाली, पण चार-दोनच. मला अशी टाळी सोसत नाही. माईक हातात असला की समोरचा माणूस हसला पाहिजे, नाहीतर माझा जीव खाली-वर होतो. मग मी माझ्या नेहमीच्या वळणावर गेलो. "मंडळी, धा मिन्टं झाली, दोन्हीकडं भोपळाच! भाजी कुनी करायची?" खसखस पिकली. "पोरी पळत्यात लई, पोचत कुटंच न्हाईत!" आणखी पिकली. तशी मला धुंदीच चढली.

आणि इकडे ती पोरगी अंग झोकून देत होती. हे मी तेव्हाही बघत होतो, म्हणून तर जास्त लाज वाटते. खाचरात कापलेल्या भाताचे सड होते, वाळलेले आणि टोकदार. त्यांच्यावर ती आडवी पडत होती. कोपर सोलून निघालं होतं. भोरच्या मुली दांडग्या होत्या, आमच्या संघाला त्यांनी अर्ध्या मैदानापलीकडे जाऊ दिलं नाही. ती एकटी उभी होती म्हणून गोल लागला नाही. एकदा तर चेंडू खांबाला घासून आत चाललेला, तिने बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला. बाईंनी माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले, टाळी मागा म्हणून. मी तेव्हा भोपळ्याची भाजी किती शिजली ते सांगत होतो.

वेळ संपली. शून्य-शून्य. पेनल्टी घेऊन निकाल लावायचा असं ठरलेलं होतं, पण तेवढ्यात पलीकडे आखाड्यात हलगी कडाडली आणि कमिटीवाले म्हणाले, बास, आता कुस्त्या. निकाल मला पुकारायचा होता. "सामना बरोबरीत सोडवण्यात येत आहे," मी म्हणालो. बांधावरून नाराजीचा सूर आला. "आरं मंग जितलं कोन?" कुणीतरी ओरडलं. भाच्याच्या ऑफिसातले लोक विचारतात तेच. त्या क्षणी, माईक हातात असताना, मला सांगता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती.

मी म्हणालो, "जितलं कोन काय इचारताय? मंडळी, ही तर नुरा झाली!"

हशा उसळला. आणि त्या हशातून एक आवाज आला, "घरचीच इद्या हाय, मास्तर!"

मग जो हशा झाला तसा माझ्या आयुष्यात मी कधी मिळवला नव्हता. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. आणि मीही हसलो. माईक तोंडासमोर होता. माझं ते खिदळणं कर्ण्यांतून सगळ्या मैदानभर गेलं, आखाड्यापर्यंत गेलं, पलीकडच्या डोंगराला लागून परत आलं. मला ते माझंच ऐकू आलं.

वडील उठले. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि बांधावरून वाट काढत निघून गेले. लोकांनी त्यांना वाट दिली, तीही हसत हसत. पोरगी जाळ्यापाशी उभी होती, सोललेलं कोपर दुसऱ्या हातात धरून. ती वडिलांकडे बघत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये एवढंच म्हणाल्या, "तिच्या वडिलांनी नाही म्हणून सांगितलंय. चाचणीला पंधरा दिवस आहेत. तुम्ही एकदा जाऊन या, सर. तुमचं ऐकतील."

जाणार होतोच मी. पण त्या आठवड्यात वार्षिक परीक्षेचे पेपर आले. मग तपासणी. मग वाटलं, आत्ता त्यांचा राग ताजा असेल, जरा निवू दे. मग वाटलं, आपण काय असं मोठं बोललो, यात्रेतली थट्टा ती. घर लांब नव्हतं, मोटारसायकलवर वीस मिनिटं. दोनदा मी त्यांच्या गावाच्या फाट्यापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पेट्रोल भरून परत आलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग सोसला असता. त्यांच्यासमोर तो शब्द परत तोंडातून काढायचा, याची मला भीती वाटत होती. चाचणीचा सोमवार आला आणि गेला, आणि मला हायसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेलो तो त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, जेव्हा जाऊन काही उपयोग नव्हता. ते अंगणात टेम्पोचे दुधाचे कॅन धूत होते. "या मास्तर," म्हणाले, आणि हात पुसून घोंगडी अंथरली. इकडचं तिकडचं बोलण्याआधीच मी म्हणून टाकलं, "माझं चुकलं. ती नुरा नव्हती. तुमच्या पोरीनं एकटीनं सामना राखला."

त्यांनी अर्धवट धुतलेला कॅन पुन्हा ओढून घेतला. मग म्हणाले, "ठाव हाय की. म्या अंगाला माती लावलेला मानूस, मास्तर. कोन खरं आंग टाकतंय आन् कोन खोटं, ते मला कळत न्हाई व्हय? पयल्या पाच मिन्टात वळखलं म्या."

"मग धाडलं का नाही तिला?"

"तिला धाडलं, आन् उद्या तितं आसंच कुनी म्हनलं, तर? म्या वीस वर्सं आयकलं. माजं जाऊ द्या. पोरीला कशापायी?" त्यांनी धुतलेला कॅन पालथा घातला. "तरी बी म्हनलं, बगू. तिची पिशवी भरून ठेवली व्हती तिच्या आयनं. आयतवारच्या सांजपातूर म्या रस्त्याकडं डोळे लावून बसलो व्हतो. म्हनलं, मास्तर शिकल्याला मानूस हाय, त्यांनी बोललंय, तेच यऊन सांगतील. चार लोकांत न्हाई तर न्हाई, हितं अंगनात यऊन सांगतील. आला आसता तर सोमवारी पयल्या गाडीनं धाडली आसती."

आतून पोरगी पाणी घेऊन आली. कोपरावरची खपली अजून होती. "सर, पानी," म्हणाली. मी तांब्या घेतला आणि अर्धाअधिक पिऊन टाकला, तहान नसताना.

बाई त्या जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेल्या. माझ्या हातातला माईक पुढच्या यात्रेलाही तसाच राहिला. कुणी काढून घेतला नाही आणि मीही सोडला नाही. पोरगी आता भोरला कॉलेजात जाते. खेळत नाही. कधी भोरच्या एसटी स्टँडवर समोरासमोर येतो आम्ही. ती मैत्रिणींना थांबवते, पुढे येते, भर गर्दीत वाकून माझ्या पायाला हात लावते आणि मैत्रिणींना सांगते, "हे आमचे सर." मी पाय मागे घेत नाही. सुखी राहा म्हणतो.