ती स्सऽऽ मी काढणार नाही

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी सरळ चप्पल घालून निघतो. सुप्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे मी... दिवा लुकलुकला, आवाज आला, तर त्यामागं लूज कनेक्शन असतं, आत्मा नसतो. आजही माझं हेच मत आहे. तरी लिहितोय, कारण परवा आपल्या ग्रुपवर मला डिवचलं गेलं - "स्वतःच्या अँप्लिफायरची हिस घालवता येत नाही आणि म्हणे मेंटेनन्सवाला!" घालवता येते हो. घालवली होती.

आमचं घर काष्टीला. बाहेरच्या खोलीत मी स्वतः जुळवलेला अँप्लिफायर आहे. गाणं बंद असो, व्हॉल्यूम शून्यावर असो, स्पीकरमधून बारीक स्सऽऽ चालूच. अर्थिंगची घरघर वेगळी, ती मी केव्हाच मिटवली होती. ही हिस आतल्या जुन्या पार्टची.

त्याच खोलीत दिवसभर आत्या बसते, वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि पुढं तापात तिचे दोन्ही कान गेले. नगरचे डॉक्टर म्हणाले, नस गेली, मशीन लावूनही उपयोग नाही. तेव्हापासून आमच्या घराला एक वाईट खोड लागली - तिच्याबद्दलचं सगळं तिच्यासमोरच मोठ्यानं बोलायचं. ऐकू येत नाही ना, मग काय!

एका रविवारी दुपारी गाणी संपली होती, अँप्लिफायर तेवढा चालू राहिलेला. आत्या भिंतीकडं तोंड करून लसूण सोलत होती. वडील आईला म्हणाले, "आक्काला राजूरला धाडू, तिच्या दिराकडं. हितं कोन बघनार तिचं?"

"बाळू, मी न्हाई जायची राजूरला," आत्या मान न वळवता म्हणाली. "तितं मला कोन वळखतंय आता?"

आईच्या हातातली कपबशी हातातच राहिली. वडील पांढरेफटक. मी म्हटलं, योगायोग... तिच्या पाठीमागं उभा राहून हळूच विचारलं, "आत्या, चहा ठेवू का?"

"ठेव. साखर कमी टाक."

अँप्लिफायर बंद केला, पुन्हा विचारलं. काही नाही. चालू केला, पुन्हा विचारलं.

"आरं, सांगितलं की एकदा!"

वडील घाबरले. "बाधा हाय त्यात. भंगारात घाल!" मी जोरात भांडलो. बाधा वगैरे काही नाही, कारण असणार, मी शोधतो. आणि माझं डोकं असं चाललं, की ही स्सऽऽ मध्ये येत असताना इतकं ऐकू येतंय, तर ती काढल्यावर किती स्वच्छ येईल! नवे पार्ट आणून बसवले. स्पीकरला कान लावला तरी चिडीचूप. मोठ्या खुशीत आत्याला हाक मारली. ती गहू निवडत राहिली. ओरडलो. शेवटी समोर जाऊन हात हलवले, तेव्हा वर बघून हसली... इतकी वर्षं हसायची तशी, काही न कळता. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू.

जुने पार्ट फेकले नव्हते म्हणून बरं. परत बसवले. स्सऽऽ सुरू झाली.

"मगाशी तोंड का वासत हुतास रं?" आत्यानं विचारलं.

त्यानंतर मित्राचा असाच हिस करणारा अँप्लिफायर आणून बघितला. मोबाईलवर तसला आवाज लावून बघितला. उपयोग शून्य. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तर कान होते तसेच बंद. अँप्लिफायरचं सांगितलं तेव्हा ते आत्याला सोडून माझ्याकडंच निरखून बघायला लागले. कारण मला आजही सापडलेलं नाही. ज्याला माहीत असेल त्यानं सांगावं, पण 'मनाचे खेळ' म्हणून हात झटकायचे नाहीत.

राजूरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. वडील आता बाजारातून आले की आधी आत्याजवळ बसतात. तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्याशीच बोलतात.

तेव्हा ग्रुपवरच्या शहाण्यांनो, ती हिस मी काढणार नाही. माझ्या कामाला नावं ठेवायची असतील तर काष्टीला या, चहा घ्या, आत्याशी बोला. फक्त सावकाश बोला. ओरडलेलं तिला अजिबात खपत नाही.