कार्टूनमधला फौजी

आमची अ‍ॅनिमेशन फिल्म जेमतेम पाच मिनिटांची. पण "कशी बनवली?" असं बुलढाण्यात कोणी विचारलं, की माझं तोंड जेवायच्या वेळेपर्यंत बंद होत नाही. एक किस्सा काढला की दुसरा त्याच्या मागे उभाच!

गोष्ट साधी. लग्नाच्या बँडमधला क्लॅरनेटवाला फौजेत जातो. बंकरमध्ये वाजवत असताना गोळा पडतो, सूर मधातच तुटतो, फिल्म संपते. दिग्दर्शक वैशाली, चित्रं काढणारा मी. डोकं खायला बाकी सगळे.

*

पहिले आमचे घरमालक, बाबारावकाका. त्यांच्या वरच्या खोलीत आमचा स्टुडिओ. भिंतीवरची चित्रं पाहत पाहत शेवटच्या चित्राशी आले अन् भडकले.

"हा मरते?"

"हो काका. लढाई आहे ना."

"कार्टून हाये ना बे हे? कार्टूनवाला मरत नसते! चपटा होते, उठते, पुन्हा पयते!"

मग रोज सकाळी दारात हजर. "उठवलं काय त्याले?"

*

काकूंचं वेगळंच. आमचा कम्प्युटर चित्रं जोडत बसला की खाली मिक्सर सुरू, अन् फ्यूज गुल! सगळं काम पहिल्यापासून. मी हात जोडले.

"तुमची लढाई रोजचीच हाये," काकू म्हणाल्या. "मंग आमी चटनी खावाच नाई काय?"

*

फौजी पडतो कसा, हे कळावं म्हणून मी गच्चीवर धडाधड पडत होतो अन् वैशाली शूटिंग करत होती. एकदाचा झकास पडलो, तर शेजारच्या मावशी धावत आल्या अन् माझ्या नाकाला कांदा लावला!

"पोराले फिट आली, अन् तू व्हिडिओ काय काढून राह्यली वं?"

*

पण खरा घाम काढला अमडापूरच्या शेषरावकाकांनी. हयातभर वरातीत क्लॅरनेट वाजवलेला माणूस; फौजीचे सूर त्यांच्याकडूनच रेकॉर्ड करायचे होते. फिल्म स्पर्धेला पाठवायला दोनच दिवस उरलेले. वैशालीनं हात खाली केला की थांबायचं, एवढंच काम. काका थांबेचनात! दरवेळी गाणं पूर्ण. कम्प्युटरवर कापून पाहिलं, तर फ्यूज उडाल्यासारखं वाटे.

वैशाली रडकुंडीला आली. "काका, काऊन थांबत नाही तुम्ही?"

काकांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवला. "पोरगा बॉर्डरवर हाये माहा. अन् फौजीचं गानं मी मधात तोडू?"

वैशाली म्हणाली, "वाजवा काका, पूर्ण वाजवा. शेवटच बदलू." तिचा चेहरा मला पाहवेना.

काका वाजवू लागले. रंगात आले. अन् खिशातला फोन थरथरला, पोराचा. सूर तिथंच तुटला.

"हॅलो! हाव, बोल बाबू... जेवला काय बे?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. नंतर वैशालीनं घाबरत घाबरत विचारलं, "काका, हे वापरू?"

"वापर. पन पुढचं कापजो नको."

पहिला शो बाबारावकाकांच्याच ओसरीवर झाला. फौजी वाजवतोय, गोळा पडतो, सूर तुटतो, पडदा काळा. अन् त्या अंधारातून आवाज येतो, "हॅलो! हाव, बोल बाबू... जेवला काय बे?"

बाबारावकाकांनी डोळे पुसले अन् माझ्यावरच डाफरले.

"मनलं नोतं काय बे तुले? मरत नसते!"